अनीसाबीसाठी आणलेली नळी

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. बोटाएवढी, पारदर्शक, टोपणात निळं औषध भरलेली. माझ्या पोटावर एक बारीक रेघ आहे. त्या रेघेपर्यंत माणसानं माझ्यात थुंकायचं असतं. हसा, हसा, आणि नाक मुरडायचं असेल तर तेही मुरडून घ्या. दर्यापुरातल्या पोरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तीही 'ई' करून अंगणात पळाली होती. पण मी काही थुंकदाणी नव्हे बरं! माणसाच्या लाळेत त्याचा डीएनए असतो आणि त्यावरून त्याच्या पूर्वजांचा माग प्रयोगशाळेत काढता येतो. त्याच कामासाठी माझा जन्म झाला. मात्र आजवर माझ्यात थेंबभरही लाळ पडलेली नाही. का पडली नाही, ते सांगते.

माझा जन्म एका मोठ्या, स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण नव्हता आणि माणसांची तोंडं झाकलेली होती. माझ्याबरोबर त्याच साच्यातून माझी एक जुळी बहीण निघाली. आम्हा दोघींना एकाच पेटीत, एकाच कापसाच्या गादीवर ठेवलं. आता साऱ्या नळ्यांना असं वाटतं की नाही मला ठाऊक नाही, पण मला तेव्हा फार मोठेपणा वाटायचा. आपण कुणाला तरी त्याची हरवलेली माणसं मिळवून देणार, असं मी बहिणीला अंधारात सांगत असे. ती बिचारी कमी बोलायची.

आम्हाला मागवलं आकांक्षानं. ती अमरावतीला कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीत दर्यापूरला घरी येत असे. घरात तिचे आजोबा खुशालराव, वडील देवराव आणि आई. खुशालरावांना ती आबाजी म्हणे. आमची निवड कशी झाली, तो किस्सा त्या घरात पुढे इतक्यांदा सांगितला गेला की मला तोंडपाठ झाला.

आकांक्षानं मोबाइलवर तीन तऱ्हेच्या तपासण्या शोधून काढल्या होत्या. ओसरीवर आबाजींच्या बाजेजवळ बसून ती एकेक समजावत होती. पहिली होती बापाच्या वाटेची. म्हणजे बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, अशी फक्त पुरुषांतून मागे जाणारी.

"ते नाई पायजे," आबाजी म्हणाले. "बापाकडचं भाट येऊन सांगते. सात पिढ्या म्हणून दाखवते अन् धान्य घेऊन जाते. बाई एक नाई त्याच्यात. जसे सारे झाडालेच लागले होते!"

दुसरी होती दोन्हीकडची मिळून, जिवंत नातेवाईक हुडकणारी. आणि तिसरी आईच्या वाटेची. आई, आईची आई, तिची आई. तिसरीचं ऐकल्याबरोबर आबाजी उठून बसले.

"मायची हाये म्हनते?"

त्यांनी आईला पाहिलंच नव्हतं. मैनाबाई त्यांना जन्म देऊन त्याच दिवशी गेली. तिचा फोटो नव्हता. तिचं माहेर तेल्हाऱ्याकडचं, पण त्या लोकांनी लेकीमागे या घराचं तोंड पाहिलं नाही. बहात्तर वर्षांच्या या म्हाताऱ्यानं आपल्या आईचं नुसतं नाव सांभाळून ठेवलं होतं.

"मंग थेच मागव," ते म्हणाले. "अन् दोन मागव. एक माह्यासाठी, एक अनीसासाठी."

अनीसाबी कोण, ते आधी सांगायला हवं. शेजारच्या गल्लीत पिंजाऱ्यांची घरं होती. मैनाबाई गेली तेव्हा पिंजाऱ्याची बायको हाजराबी चार दिवसांची बाळंतीण होती. तिच्या मांडीवर अनीसा होती. हाजराबीनं खुशालला उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि दीड वर्ष दोघांना पाजलं. ना तिनं कुणाला विचारलं, ना कुणी तिला सांगितलं. तेव्हापासून अनीसा आणि खुशाल बहीणभाऊ. ईदला तिच्या घरून शेवया यायच्या आणि भाऊबीजेला यांच्या घरून लुगडं जायचं. परक्या पुरुषासमोर ती डोक्यावरून पदर ओढून घेई, पण खुशालरावांसमोर कधीच नाही. देवरावासमोरही नाही. भाच्यासमोर कसला पडदा! देवरावाच्या मात्र ते कधी लक्षातही आलं नाही.

आकांक्षानं दोन नळ्या मागवल्या. त्या वेळी तिला वाटलं, अनीसाआजीलाही आपल्या आईचं मूळ जाणून घ्यायचं असेल. आबाजींच्या मनात काय आहे, ते तिला कळलं नाही. ते कळलं आमची पेटी आल्यावर.

पेटी उघडली तो दिवस माझ्या कौतुकाचा. गल्लीतली पोरं जमली. आबाजींनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, कारण तपासणीआधी काही खायचं-प्यायचं नसतं. माझी बहीण त्यांच्या हातात गेली. ते थुंकायला बसले आणि तोंड कोरडं पडलं. पोरांनी चिंचेचं नाव घेतलं तेव्हा कुठे काम झालं. सगळे हसले. आबाजींनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "हे पाय, हाजराबीचं दूध!"

आकांक्षाचं हसू थांबलं. "आबाजी, ह्याच्यात दूध नाही दिसत."

"दूध नाई दिसत, पन दुधाचंच रक्त होते ना? मैनाबाईनं मले जन्म देला. वाढवलं तं हाजराबीनं. दीड वरीस दुसरं काई माह्या पोटात गेलंच नाई. मंग माह्यात अन् अनीसात येकच माय निंगन. आता कागदावर येऊ दे. मंग पायतो, देवराव काय म्हनते थे."

मित्रांनो, त्या क्षणी पेटीत पडल्या पडल्या मला सगळं कळलं. आकांक्षालाही कळलं. दुधानं माणूस वाढतो, त्याची हाडं भरतात, पण डीएनए दुधानं बदलत नाही. तो जन्मदात्या आईकडून जो आला तोच राहतो. आम्ही दोघी प्रयोगशाळेत गेलो असतो तर तिथून एकच उत्तर आलं असतं. या दोघांची आई एक नाही.

आणि म्हाताऱ्याला ते उत्तर नुसत्या हौसेसाठी नको होतं.

त्याच्या आदल्या हंगामात बोंडअळीनं वऱ्हाडातली कपाशी आतून पोखरून टाकली होती. बोंडं वरून हिरवीगार दिसत आणि फोडली की आत गुलाबी अळी आणि काळपट रुई. देवरावानं उभ्या पिकात जनावरं सोडली. पूर्वी घरात लेकीचं लग्न निघालं की शेतकरी घरचा कापूस बाजूला काढून ठेवायचा आणि पिंजाऱ्याकडून गाद्या भरून घ्यायचा. घरी कापूसच नाही, तर गादी कशाची भरायची? ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी फोमच्या गाद्या आणल्या. अनीसाबीचा मुलगा जुबेर याचं पिंजायचं यंत्र महिनोन् महिने झाकलेलं राहिलं. शेवटी त्यानं ते विकलं आणि सुरतेला कापडाच्या कारखान्यात काम धरलं. होळीनंतर तो आईला न्यायला येणार होता. तिथे एका खोलीत तीन कुटुंबं राहत होती, एवढं अनीसाबीला कळलं होतं.

खुशालराव म्हणाले, अनीसा कुठे जाणार नाही, ती माझ्या घरी राहील. देवरावानं ताटावरून हात उचलला.

"कोनत्या नात्यानं?" तो म्हणाला. "उद्या आकांक्षाले पाहाले पावने येतीन. पुसतीन, हे बाई कोन? काय सांगू मी?"

"आत्या सांग."

"बाबा, म्हननं येगळं अन् असनं येगळं."

देवराव वाईट माणूस नव्हता, हे मी त्याच्या घरात कित्येक महिने राहून सांगते. पिकानं दगा दिला की माणूस लोकांच्या बोलण्याला जास्तच भिऊ लागतो. पण 'कोणत्या नात्यानं' हा प्रश्न म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागला. देवरावानं एकदा तरी अनीसाला आत्या म्हणून हाक मारावी, ती आपल्या कानांनी ऐकावी, एवढं एकच त्याला आता हवं होतं. त्यासाठी त्याला कागद हवा होता. आणि कागद माझ्यातून निघणार होता.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी अनीसाबी आली. खुशालराव वावरात गेले होते. आकांक्षानं मला तिच्या हातात दिलं. तिचे हात खरबरीत होते, उभ्या जन्माची रुई त्यांनी निवडलेली. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं.

"बेटी, सच बोल," ती म्हणाली. "खुशाल म्हनते, कागदावर येईन का आमची माय येक हाये म्हनून. येईन?"

आकांक्षानं नकारार्थी मान हलवली. "नाही येणार, आजी. दुधाचं त्यात येत नाही."

"मले वाटलंच होतं," अनीसाबी म्हणाली. "आमच्यात येका छातीचं दूध पेलेल्या पोरापोरीचं लगन होत नाई. हराम हाये. मग भाऊ नाई तं कोन हाये थो? माह्यासाठी हे कधीचंच ठरलं. पन त्याले आता कागद पायजे. अन् कागद नाई म्हनन." तिनं माझं टोपण न उघडताच मला पेटीत ठेवलं. "रहने दे. मी नाई थुंकत. रिकामीच राहू दे इले."

"मग आबाजींना काय सांगू?"

"सांग, अनीसा ईदले येनार हाये, तवा भरन."

मी तेव्हा रागावले, मित्रांनो. खोटं का सांगू! मी कामासाठी जन्मले होते आणि ही बाई मला कामच करू देत नव्हती. माझी बहीण भरून, मोहोर लावून, टपालानं प्रयोगशाळेत निघून गेली आणि मी मागे राहिले. आबाजींनी मला पेटीतून काढलं आणि देवाच्या कोनाड्यात उभं केलं. "अनीसाची हाये, जपून ठेव," असं त्यांनी सुनेला बजावलं. रोज सकाळी देव पुसताना ते त्याच फडक्यानं मलाही पुसत.

अनीसाबी गेली. निघताना देवराव अंगणातच होता. "बरं हाय, या मंग," एवढं तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला, ते त्यानं सांगितलं नाही. खुशालराव जीपमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा जेवले नाहीत.

उन्हाळ्यात बहिणीचं उत्तर आलं. आकांक्षानं मोबाइलवर नकाशा दाखवला. त्यावर एक लाल रेघ कुठून कुठून वळत वळत हिंदुस्थानात उतरली होती. त्या वाटेनं हजारो वर्षांपूर्वी मैनाबाईच्या आईच्या आईची कुणीतरी आई चालत आली होती.

"नाव नाई काय मायचं?"

"नाव नसते त्याच्यात, आबाजी."

म्हाताऱ्यानं बराच वेळ त्या रेघेवर बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यानं ते पुसलंही नाही. मग म्हणाला, "अनीसाची रेघ बी अशीच निंगन. दोनी नकाशे जोडून देवरावले दाखवू." आकांक्षा उठून आत गेली. चुलीपाशी बसून ती रडली. ते मी कोनाड्यातून पाहिलं आणि त्या दिवशी माझा राग उतरला.

मग वाट पाहणं सुरू झालं. खुशालराव सुरतेला फोन लावत आणि ओरडून बोलत, जणू सुरत फार दूर असल्यामुळे आवाज मोठा लागतो.

"अनीसा, नळी तशीच हाये तुही! कवा येतं?"

"येतो ना रे. ईदले येतो."

रमजानची ईद झाली. "आता बकरीदले," ती म्हणाली. बकरीदही झाली. तिला भाऊ भेटायला हवा होता, पण भेटायला यावं तर मी कोनाड्यात उभी! मला भरल्याशिवाय तो तिला परत जाऊ देणार नव्हता, आणि मला भरलं तर त्याच्या हाती नकार पडणार होता. म्हणून ती आलीच नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या बोटभर नळीमुळे दोन म्हातारी माणसं शेवटच्या वर्षात एकमेकांना भेटली नाहीत. या गोष्टीचं दुःख मला अजून आहे.

नव्या कपाशीला पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागल्या होत्या. खुशालरावांनी सकाळी आंघोळ केली, देव पुसले, मला पुसलं आणि बाजेवर टेकले. सून चहा घेऊन आली तेव्हा ते गेलेले होते. हातात फडकं तसंच होतं.

अनीसाबीला यायला उशीर झाला. सुरतेची गाडी अकोल्याला पोचेपर्यंत इकडे सरण विझलं होतं. दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर येऊन बसली, रिकाम्या बाजेकडे पाहत. तिनं आकांक्षाला जवळ बोलावलं.

"थे नळी हाये काय अजून?"

आकांक्षानं मला कोनाड्यातून काढून दिलं. अनीसाबीनं मला बटव्यात टाकलं, बटवा कमरेला खोचला. "एकबार आना था," एवढंच ती पुटपुटली. "भरली नसती तरी याले पायजे होतं."

तिसऱ्या दिवशी राख सावडायची होती. आमच्याकडे चितेची राख गोळा करताना तिच्यावर दूध शिंपडतात, जीव निवावा म्हणून. नदीकाठी सोयरेधायरे जमले. बाया सहसा तिथे जात नाहीत. अनीसाबी बरीच मागे, बाभळीखाली, लोकांकडे पाठ करून पदर ओढून उभी होती. तिला तिथे कुणी बोलावलं नव्हतं आणि जा असंही कुणी म्हटलं नव्हतं. बटव्याचं तोंड सैल होतं म्हणून मला दिसत होतं.

देवरावाच्या हातात दुधाचा तांब्या होता. त्यानं एक धार राखेवर सोडली आणि त्याचा हात थांबला. भटजी म्हणाले, "शिंपा, शिंपा." देवराव वळला. लोकांच्या मधून तांब्या घेऊन तो बाभळीपर्यंत चालत आला. त्याचा चेहरा सुजला होता.

"आत्या," तो म्हणाला. "दूध तुह्या मायचं हाये. तू टाक."

तिनं पदर मागे केला. भाच्यासमोर तिनं तो कधी ओढलाच नव्हता. सगळे बघत होते. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी कुजबुजलं, पण आडवं कुणी आलं नाही. अनीसाबी राखेपाशी बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तांब्या धरून दूध सोडलं, हळूहळू, सगळं. राखेच्या पोटात अजून धग होती, चर्र असा बारीक आवाज आला. ती मोठ्यानं रडली नाही. ती म्हणाली, "सुन रे खुशाल. देवराव आत्या म्हनते मले."

ऐकायला कोण होतं, मित्रांनो? ज्याचे कान त्या एका हाकेसाठी आसुसले होते, त्याच्याच राखेवर ती दूध ओतत होती. नकाशा लागला नाही, कागद लागला नाही. देवरावाला ती हाक मारायला चार पावलं चालावी लागली, आणि ती चार पावलं त्याला बापाच्या डोळ्यांसमोर चालता आली नाहीत.

तेराव्यानंतर देवराव म्हणाला, "आत्या, आता अथीच राय. कोनी काई म्हनत नाई." अनीसाबीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "ज्याच्यासाठी रायलो असतो थो गेला रे बाबू," ती म्हणाली, आणि अकोल्याच्या जीपमध्ये बसली.

आता मी सुरतेला असते. त्या खोलीत खिडकी एकच आहे आणि कापडाच्या यंत्रांचा आवाज रात्रंदिवस येतो. माझ्या अंगावर छापलेली मुदत कधीच सरली. आता मला कुणी भरलं तरी प्रयोगशाळा घेणार नाही. अनीसाबी पान खाताना बटवा उघडते, मला बाजूला सारते आणि सुपारी काढते. मी रिकामी आहे. नातवंडं विचारतात, ये क्या है, तर ती म्हणते, "माह्या भावानं देलती."

मित्रांनो, आपलं मूळ शोधायचं असेल तर खुशाल शोधा. कोणती तपासणी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे आधी नीट समजून घ्या आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही समजावून सांगा. त्यांच्याशी खरं बोलायला घाबरू नका. आम्हा नळ्यांना रक्त कळतं, दूध कळत नाही. ते तुम्हाला कळतं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरी कुणी अनीसाबी येत असेल, तर तिला नात्यानं हाक मारा, आणि ती हाक ज्यांना ऐकायची आहे ते बाजेवर बसलेले असतील, तेव्हाच मारा.